स्कोअरबोर्डावरचा सात

सव्वीस वर्षं चुना लावतोय मी,
मैदानाला. माणसांना लावणारे वेगळे.
दर पाच यार्डांवर एक पट्टा, दोरी ताणून,
वाऱ्याकडे पाठ करून.
वॉलिस कॉलेजात चार कोच आलेले पाहिले,
तीन गेलेले. शेवटच्याची खुर्ची
मीच उचलून ट्रकमध्ये टाकली.

गेल्या वर्षी अकरांत एक जिंकलो,
तोही समोरच्यांची बस बर्फात अडकली म्हणून;
उपाशीच उतरली त्यांची पोरं.
बोर्डावर आमच्या आकड्याची
वरची आडवी पट्टी विझलेली:
सात लागले की दिसायचा एक.
कुणी तक्रार केली नाही.
सात लागायचेच किती वेळा?

मग मार्चमध्ये हा प्रुइट आला.
जुनी व्हॅन, टपावर गादी बांधलेली,
बायको, एक मुलगी, आणि कामातून गेलेला डावा गुडघा.
पहिल्या दिवशी भाषण नाही, शिट्टी नाही.
रिकाम्या स्टँडात बसून सँडविच खाल्लं,
बोर्डाकडे बघत विचारलं,
"ऑर्विल, ती पट्टी कधीपासून बंद आहे?"
"चार वर्षं."
"शिडी कुठे असते?"

पोरांचं त्याने काय केलं
ते मला नीट सांगता यायचं नाही.
मालाकाई, दीडशे किलोंचा, सामोआहून आलेला,
घरच्या आठवणीने रात्रभर जागायचा;
त्याला दर रविवारी आपल्या स्वयंपाकघरात
कांदे चिरायला बसवलं. रडायची सोय झाली.
इमेट लिंडक्विस्टची किक कायम डावीकडे जायची.
त्याला एवढंच म्हणाला, "मग उजवीकडे बघत जा."
बाकी मला दिसलं ते इतकंच,
की संध्याकाळी दिवे विझवायला गेलो
तर पोरं म्हणायची, अजून दहा मिनिटं.

सप्टेंबरात दोन जिंकलो
तेव्हा न्हावी म्हणाला, नव्याचे नऊ दिवस.
थँक्सगिव्हिंगपर्यंत नऊच झाले,
नऊ शनिवार.
बीट कारखान्याची पाळी सुटली की माणसं
मळक्या बुटांनी थेट स्टँडात.
आता तोच न्हावी मानेवर वस्तरा धरून विचारतो,
"टिकतोय का हा?"

कारण मंगळवारी आमच्या धावपट्टीवर,
जिथे एरवी फवारणीचं विमान उतरतं,
एक गुळगुळीत जेट उतरलं.
आतून दोन कोट उतरले.
दुपारपर्यंत गावाला त्यांच्या बुटांचा रंग माहीत.
बँकवाला देणगीची वही घेऊन दारोदार,
फार्मसीवाली म्हणते, त्याने घर घेतलेलं नाही,
भाड्याचंच आहे, गॅरेजमध्ये खोकी अजून चिकटपट्टीसकट.
आणि पोरगी? ती परवा माझ्याकडे उरलेला
पांढरा रंग मागायला आली, सायकलला.
यावर दोन्ही बाजूंनी पैजा लागल्यात.

आमच्या टीमचं नाव क्रेन्स.
वसंतात नदीवर लाखांनी उतरतात हे पक्षी,
कापलेल्या मक्यात दाणे टिपतात,
तीन-चार आठवडे कान किटतात,
आणि एका सकाळी आकाश मोकळं.
नाव ठेवणाऱ्याने विचार केला नसावा.
किंवा केलाही असेल.

काल अंधार पडताना तो मैदानावर आला.
नळ गोठू नयेत म्हणून मी पाणी काढत होतो.
बराच वेळ पाना धरून उभा राहिला.
मग म्हणाला, "तू असतास तर, ऑर्विल?"
म्हणालो, "मला कुणी कधी बोलावलंच नाही, प्रुइट.
मला काय कळणार."
तो हसला. हसण्याची वाफ
दोघांच्या मध्ये थोडी राहिली.
मग गेला. बर्फात एक पाऊल खोल,
एक उथळ, फाटकापर्यंत.
पुढे कुठे वळलं ते पाहिलं नाही मी.

मेन स्विच पाडण्याआधी
आमच्या बाजूला सात दाबला.
पुरता पेटला.
ठेवला तसाच थोडा वेळ;
बिल कॉलेज भरतं.