सुट्टे

बँडचं नाव रिक्षावाल्यामुळे पडलं.
भोसरीला उतरलो चौघं. त्याच्याकडे नव्हते, आमच्याकडेही नव्हते.
नोएल म्हणाला, चला, नावाचं तरी झालं.

नोएलच्या मेव्हण्याची लेथची शेड.
सुट्टीच्या दिवशी मशीनं गप्प, वीज आमची.
कूलंटचा वास, पायाखाली लोखंडाचा कुरळा कीस,
आणि शर्वरी ओगले, हो, तीच,
जिच्या कपाटात सत्काराच्या शाली मावत नाहीत,
सवयीनं चपला दाराशी काढायची,
आई गं म्हणत परत घालायची,
आणि मग ओरडायची.
गळ्यासाठी वीस वर्षं टाळलेलं लोणचं
तिनं तिथं खाल्लं, बरणीतून, बोटानं.

हेमांग दिवसा मालिकांना पार्श्वसंगीत देतो.
सासू दारात आली की तीन सूर.
इथं त्यानं एकच सूर सहा मिनिटं धरून ठेवला.
नंतर डोळे पुसले. घाम असेल. आम्ही विचारलं नाही.

मी बास. माझ्याबद्दल एवढं पुरे.

अकरा महिने, सात गाणी, चार कार्यक्रम.
शेवटच्याला एकेचाळीस माणसं, त्यातली नऊ घरची.
एक आजोबा भावगीतं असतील म्हणून आलेले,
कानात कापूस घालून पहिल्या रांगेत शेवटपर्यंत बसले.
जाताना म्हणाले, "शब्द कळले नाहीत. बरंच झालं."

भांडण झालं नाही. लोक विचारतात म्हणून सांगतो.
तिचे दौरे. त्याची मालिका पाचशे भागांनी वाढली.
नोएल डिसेंबरभर गोव्यात.
मेव्हण्यानं नवं सीएनसी घेतलं, कोपरा गेला.
ग्रुपवर शेवटचा मेसेज माझा आहे: या आठवड्यात?
खाली दोन अंगठे.

तिसऱ्या गाण्यावर आवाज चढवायचा राहिलाय.
ती म्हणाली होती, पुढच्या वेळी करू.
हार्ड डिस्क माझ्याकडे असते, लोकरीच्या मोज्यात.

यंदा दिवाळी पहाटला तिच्या साथीला मीच होतो.
कोथरूडचं मैदान, साडेपाच, झब्बा इस्त्रीचा,
समोर उटण्याच्या वासाची सहाशे माणसं.
दुसऱ्या अंतऱ्याआधी चार मात्रा रिकाम्या असतात.
त्यात मी तिसऱ्या गाण्याचा बास घातला.
हळूच. तबलजीनं भुवई उचलली.
ती वळली नाही.
फक्त समेवर आली नाही,
एक मात्रा मागे राहिली,
आणि मागून कुणीतरी म्हणालं, वा.