पाठीतली खोबण

कापराचं लाकूड ओलं असताना कोरलं
तर वर्षभराने मूर्ती तोंड वेडावते,
असं ल्याव मास्तर म्हणायचे.
मला त्यांनी दोन वर्षं नुसत्या पटाश्या परजायला लावल्या.

आन्ह्वात, त्सशुई नदीच्या वळणावर, आमचं दुकान.
देव करायचो. लोकांचे पूर्वजही.
हातभराहून कमी उंचीचे,
घरच्या कोनाड्यात मावतील,
उदबत्तीच्या धुराने काळे होत जातील असे.

क्वाङश्यू राजवटीचं नववं वर्ष, आठवा महिना.
थान बाई आली.
तिचा नवरा क्वो श्येनफा चहाच्या पेट्या घेऊन गेला होता,
नाव खडकावर फुटली. पेट्या सापडल्या, तो नाही.
मास्तरांनी विचारलं, चेहरा कसा होता?
ती जमिनीवरच्या ढलप्यांकडे पाहत राहिली.
डावा कान चिरलेला, म्हणाली.
मग म्हणाली, उजवा.
मग एकदम, बसला की अंगठे मुठीत धरायचा,
थंडी नसली तरी.
नाक तिला आठवेना.

नाक मास्तरांनी स्वतःचंच दिलं.
मुठी मात्र तीनदा तासल्या.

मूर्तीच्या पाठीत खोबण असते, बोटभर.
तिच्यात पाच रंगांचा रेशमी धागा, म्हणजे आतडी,
थोडी औषधी मुळं, भाताचे दाणे,
एक वाळलेली माशी,
आणि घडी घातलेला कागद: कोण, कुठला, कुणी का बसवला.
अक्षर माझं बरं, म्हणून तो मी लिहिला.
मास्तरांनी कोंबड्याच्या तुऱ्याचं रक्त शाईत कालवलं,
डोळ्यांत दोन ठिपके दिले.
बाईने पदर नव्हे, बाही तोंडाशी धरली
आणि पैसे मोजायला लागली.

पंचवीस वर्षांनी तिची सून मूर्ती घेऊन आली.
डाव्या पायाला कीड.
मास्तर नव्हते. पाठीची फळी मी उचकटली.

माझं सतरा वर्षांचं अक्षर.
घाईत एक चूक:
नावातल्या 'फा'च्या डावीकडे पाण्याचे तीन थेंब असतात,
ते मी द्यायचे विसरलो होतो.
थेंब नसले की ते अक्षर 'फा' राहत नाही.
त्याचा अर्थ होतो, जाणं.

मी शाई उगाळली. कुंचला भिजवला.
तेव्हा दिसलं, कागदाभोवती कापूस आहे.
आम्ही कधीच घालत नाही कापूस.
कुणीतरी फळी एकदा काढून
तो दाबून दाबून भरला होता,
कडा भाताच्या खळीने पुन्हा चिकटवल्या होत्या.
कापूस अजून कोरडा होता.

कुंचल्याच्या टोकाशी शाई साचत गेली.

बाहेरून सून विचारत होती,
अजून किती वेळ,
अंधार पडायच्या आत शेवटची होडी सुटते.