तपासणी, दुसरी पाळी

खडे बाजारात रद्दीच्या काट्यावर
सव्वा किलो भरलं पुस्तक.
नाव लांबलचक: अमुक वर्षातल्या बक्षीसपात्र
विज्ञानकथा आणि अद्भुतकथा, निवडक.
इंग्रजी. कव्हरवर चंद्र, चंद्रावर चहाचा डाग.
"परीक्षेचं काय गे?" दुकानदार.
हो म्हणून टाकलं. तेवढ्यानं
दहा रुपये कमी झाले.

उद्यमबागेत मी क्रँकशाफ्ट मोजतो.
(मोजतो. आमच्याकडं बायका असंच बोलतात,
पुण्याची मावसबहीण दर दिवाळीला हसते.)
मायक्रोमीटर, गो गेज, नो-गो गेज,
चुकलं की लाल रंगाचा पट्टा,
बरोबर आलं की गोल शिक्का: ओके.
साडेसातला जेवणाची सुट्टी.
अर्ध्या तासात एक कथा बसते,
लांब असली तर भाकरी डब्यातच राहते.

पहिल्या कथेत एक यंत्र आहे,
ते स्वतःला कधी ती म्हणतं, कधी तो,
आणि शास्त्रज्ञ घाबरतात.
मी नाही घाबरलो.

दुसरीत एका गावाला दोन नावं,
ज्या नावानं हाक माराल तसा रस्ता उघडतो.
प्रस्तावनेत संपादक लिहितो, अफाट कल्पनाशक्ती.
मला आमच्या बसची पाटी आठवली
आणि डांबर फासलेला मैलाचा दगड.

तिसरी कळलीच नाही. दोन बक्षिसं होती तिला.
डिक्शनरी घेऊन परत वाचली, तरी
नो-गो गेज सरळ आत.
लाल पट्टा मारायचं मनात आलं, मारला नाही.
चूक मापाची असेल, किंवा मोजणाऱ्याची.

समासात पेन्सिलीच्या खुणा.
पहिल्या पानावर कानडीत सही: शिवपुत्र हुद्दार,
मिल क्वार्टर्स, गोकाक फॉल्स, १९९१.
अक्षरं गोल, टेबलावर सांडलेल्या वॉशरसारखी.
शाळेतलं कानडी लावून लावून वाचतो:
"हे खोटं." "हा आमच्या साहेबासारखा."
एका राक्षसाच्या मरणापाशी नुसतं "अय्यो".
पाळी संपवून वाचत असेल, केसांत कापूस.
वाचण्याचं बक्षीस कुठं असतं?

सातव्या कथेत एक जहाज.
नऊशे माणसं झोपलेली, प्रवास चारशे वर्षांचा,
एकच जागा, दिव्यांवर लक्ष ठेवायला,
म्हातारा होत चाललेला. कुणाला उठवायचं नाही,
उठलेल्याला पुन्हा झोप नाही.
रोज तो एका पेटीपाशी थांबतो,
बटणावर बोट,
आणि पान संपतं.
पुढचं पान नाही. शिवणीपाशी दातेरी कड.

तिथं चिकटवलेला मिलचा हजेरीचा कागद,
पाठकोऱ्या बाजूला पेन्सिल, कानडी, दाट.
मला झेपेना. पॅकिंगच्या कल्लव्वाकडं नेलं.
तिनं चष्मा पुसला, डबा बाजूला सारला,
आणि वाचता वाचता मराठी करत गेली,
निम्मी तिची, निम्मी माझी:
"त्यानं दाबलं गे बटण.
एक बाई उठून बसली.
का उठवलास म्हणून भांडली, रडली,
मग विचारली, काम काय होतं?
तो म्हणाला, काम काही नाही.
बरी चा कुडियाक."
कल्लव्वा थांबली. नुसतं चहा प्यायला, म्हणाली,
जसं काय मला तेवढंच कळलं नव्हतं.

खरा शेवट शोधला तर सापडेल.
बक्षीस त्यालाच मिळालंय.
तो याहून शहाणा असणार,
बहुतेक बोट मागं घेत असणार.

पाळी सुटली, सगळे हात धुवायला गेले,
मी शिक्का शाईत दाबला आणि
हजेरीच्या कागदावर, पेन्सिलीला न लागेल असा,
ओके.
तारीख. पाळी दुसरी.
सहीपाशी जरा थांबलो, मग
कानडीत केली.
एका ठिकाणी वळण चुकलं. राहू दे.