दहा पियानो

माझ्या शर्टावर शिवलंय: रेन्झो.
खाली बारीक अक्षरांत: सर्व्हिस सल्लागार.
सल्ला म्हणजे प्रिंटरमधून निघणारा कागद.
तो मी गिऱ्हाइकाकडे वळवतो,
पेनाच्या टोकानं एकेक ओळ वाचून दाखवतो,
फक्त शेवटचा आकडा वाचत नाही.
तो ज्याचा त्यानं वाचावा.

थंडर बे, नोव्हेंबरचा दुसरा आठवडा.
सिर्का लेहतोला काउंटरला टेकून उभ्या,
हातमोजे दातांनी ओढून काढत.
"डावा पुढचा टायर उतरलाय," म्हणाल्या.
"हवा?"
"सूर.
नव्वदच्या वेगाला जो लावायचा
त्याच्या अर्धी पट्टी खाली गेलाय. सप्टेंबरपासून ऐकतेय."

ड्वेननं गाडी वर घेतली.
खाचेत नाणं घालून बघायची आमची रीत:
कॅरिबूचं नाक रबरात बुडायला हवं.
इथे कॅरिबू पाणी प्यायला वाकलासुद्धा नव्हता.
आतली कड तर गुळगुळीत,
बाळाच्या टाळूसारखी.

चार टायर, नऊशे चौसष्ट.
बसवणं, बॅलन्सिंग, एकशे बारा.
जुन्यांची विल्हेवाट, वीस.
अलाइनमेंट, एकशे एकोणचाळीस.
वर तेरा टक्के सरकारचे.
(माझे चार टक्के कागदावर दिसत नाहीत.)

"दोनच घातले तर?"
"चारही चाकं ओढणारी गाडी आहे. दोन नवी, दोन जुनी, तर गिअरचं काम निघेल."
हे खरं आहे.
खरं असलं तरी मी ते रोज इतक्या वेळा म्हणतो
की माझं मलाच खोटं वाटतं.
गाडीचं वय चौदा. विकायला काढली तर
या कागदाच्या दुप्पटही कोणी देणार नाही.
नाकापेक्षा मोती जड. पण नाक कापून कसं चालेल,
पुढचा पियानो दोनशे किलोमीटरवर आहे.

मी अलाइनमेंटवर रेघ मारली.
असं मी सहसा करत नाही.
"बाराशे अडतीस," म्हणालो.
त्यांनी डोळे मिटले, ओठ हलले.
"नऊ पियानो.
नवव्याचं वरचं सप्तक सोडून."

मग माझंच पेन घेऊन
माझी रेघ त्यांनी खोडली.
"खुंट्या ढिल्या ठेवून नव्या तारा घालायच्या?
लावा ते सरळ करून. दहा होऊ देत."

कागद उलटा केला, लिहायला लागल्या.
निपिगॉनची शाळा.
श्रायबरचे मुख्याध्यापक, पैसे उशिरा देतात.
मॅरेथॉनमधल्या जुळ्या बहिणी, दोघींचे दोन,
एकीचा लावला की दुसरीला पण लावायचा असतो.
टेरेस बेचं चर्च. हे लिहून खोडलं,
पियानो तळघरात गेला म्हणे, बुरशीत.
वावाचा दंतवैद्य.
हॉटेलातला, ज्याच्यावर लोक ग्लास ठेवतात.
निपिगॉनची विधवा, जी वाजवत नाही, पण लावून घेते.

सात झाले.
पेन आठाच्या आकड्यावर थांबलं.
मागे ड्वेनची बंदूक नट सोडत होती,
तिकडे त्यांनी किंचित तोंड वाकडं केलं,
मग मला विचारलं, "तुमच्याकडे आहे?"

मी नाही म्हणणार होतो.
"आईचा आहे," म्हणालो. "त्यावर टीव्ही आहे."
"किती वर्षं?"
"टीव्ही? एकोणीस."
"उतरवून ठेवा. गुरुवारी येते."
आठच्या पुढे लिहिलं: रेन्झो, टीव्ही.

नऊ आणि दहा मोकळेच राहिले.
कार्ड घासलं. यंत्रानं विचार करायला वेळ घेतला,
आम्ही दोघं त्या यंत्राकडे बघत राहिलो.
मग मंजूर.

चार वाजता अंधार पडता पडता त्या निघाल्या.
नव्या टायरांवरचे रबराचे केस अजून झडायचे होते.
दार उघडं धरून मी कान दिला,
मला तर काही सूरबीर ऐकू आला नाही,
ओल्या रस्त्याची सर्र, बस.

आत येऊन फाइल लावताना लक्षात आलं,
एक सांगायचं राहिलं:
शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्या.
निपिगॉन शंभरच्या जरा पुढे आहे.
फोन लावला.
गाडी चालवताना त्या उचलत नाहीत.