आपोआप

सेलूच्या सुदर्शन टॉकीजला ते खोकं बसवायला गेलो,
तेव्हा चाँदपाशा स्टुलावर बसून
कार्बनच्या जळक्या कांड्या डालड्याच्या डब्यात भरत होते.
त्या कांड्यांची मशीन भंगारात जाऊन वीस वर्षं झाली होती.

मी सांगत गेलो, चाचा, आता काही करायचं नाही.
सहाला दिवे आपोआप मंद होतील,
पडदा आपोआप सरकेल,
मध्यंतरात पंखे, लाइट, जाहिराती,
सगळं आतच लिहिलेलं आहे.

'आन् वालूरची गाडी?'

कुठली गाडी?

'साडेनवाची. शेवटची एस्टी.
बाजाराच्या दिवशी सिनेमा लांबला
की मी तेराव्या रिळातलं गाणं गाळायचो.
हीरोइन डोंगर चढायच्या आत लग्न उरकायचं
आन् लोक पिशव्या सावरत स्टँडकडं पळायचे.
वालूरकडच्या कितीक मान्सांनी
कितीक गाणी पाह्यलीच नाहीत, माझ्यामुळं.
ह्याला सांगता येतं का तसं?'

वेळ टाकता येते, म्हटलं.
गाडी टाकता येत नाही.

मालक म्हणाले, पाशाभाई, आज खाली बसा. बाल्कनीत.
चौतीस वर्षं त्यांनी सिनेमा
वीतभर झरोक्यातून पाहिलेला,
मशीनच्या खडखडाटाखाली निम्मे संवाद गेलेले.
मी शेजारी बसलो.
ते चित्राकडे बघत नव्हते.
उजवीकडचा वरचा कोपरा,
जिथं रीळ संपताना एक ठिपका यायचा,
तुम्ही-आम्ही कधी न पाहिलेला.
तो पाहण्याचाच त्यांना पगार होता.

ठिपका आता नाही.
पण अठरा-वीस मिनिटं झाली
की त्यांचा हात गुडघ्यावरून उठायचा,
अंधारात काहीतरी खाली ओढायचा
आणि परत गुडघ्यावर येऊन बसायचा.
तीनदा झालं. चौथ्यांदा त्यांच्या लक्षात आलं.
हाताकडे बघून हसले.
'आपोआप,' म्हणाले.

खेळ सुटला पावणेदहाला.
शनिवार होता, बाजाराचा.
मी लॉजकडे निघालो तर स्टँडवर
पाच-सहा जण पटका, टॉवेल अंथरून आडवे झालेले,
उशाला मिरच्यांची थैली.
वालूर? विचारलं.
गेली, एक जण म्हणाला.
मग कुशीवर वळत, कुणालाच उद्देशून नाही असं:
'गाणं आज सबंध दाखवलं.'
तक्रार होती की काय होतं,
मला आवाजावरून कळलं नाही.