टाच

मंगळवार आणि शुक्रवार. ड्रेसिंगची खोली
पारोळ्याच्या दवाखान्यात मागच्या अंगाला,
पंखा तीनवर अडकलेला.
ठगूबाई येतात तामसवाडीहून रिक्षानं,
टाच माझ्या मांडीवर ठेवतात
आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसतात.

डाव्या टाचेत रुपयाएवढा खड्डा.
संक्रांतीत बाभळीचा काटा गेला, वरून साखरेचा आजार.
कडा पांढऱ्या, तळ चुलीतल्या राखेसारखा.
तीन महिने मी तो धुतो, भरतो, बांधतो.
तो आहे तसाच.

एकदा विचारलं, मांडे करायच्या ना तुम्ही?
याच हातांवर, पार कोपरापर्यंत,
पुरणाचा उंडा धोतराच्या पानासारखा पसरायच्या,
लग्नाची पंगत उठायची नाही.
त्या म्हणाल्या, "ते गयं."
नवरा गेला त्या साली पालथं घातलेलं खापर
गोठ्यात आहे, त्यावर कोंबडी बसते.

आखाजीच्या मंगळवारी आल्या नाहीत.
शुक्रवारी आल्या त्या पट्टी सुटलेली, मातीनं काळी,
आणि आत, जखमेच्या अगदी कडेला,
कडुनिंबाचं एक पान.
मी तापलोच. हे काय व्हयनं?
त्यांनी आधी दाराकडे पाहिलं.
"डागदरले सांगजो नको भाऊ. मी झोका खेयनू."

वेणू आली होती, सुरतेहून, अकरा वर्षांनी.
भर दुपारी, खळ्यातल्या निंबाला दोर,
एकाच फळीवर दोघी समोरासमोर, पासष्टीच्या,
आणि सुना झोका देऊन देऊन दमलेल्या.
गाणं चौथ्या ओळीला अडलं,
मग दोघींनी आपापल्या मेलेल्या नवऱ्यांची नावं घालून
पुढचं रचलं, ते मला सांगितलं नाही.
वेणूची कवळी धुळीत पडली.
"हाऊ पाय मी वरच धरेल व्हता,"
ठगूबाई शपथेवर सांगतात, आणि हसता हसता
माझ्या हातातली टाच हलते.

मी बोळा भिजवला, पुसलं, थांबलो.
राखेत खसखशीएवढे लाल दाणे.

डॉक्टर म्हणाले, गोळी बदलली होती ना पंधरा दिवसांपूर्वी.
बदलली होती. साखरही खाली आली होती.
मी बारावी शिकलेला माणूस, नाही कशाला म्हणू?
आणि आनंदाचं मला सांगू नका:
भिला तात्यांना नातू झाला, अर्धा किलो पेढे एकट्यानं खाल्ले,
दोन दिवस सलाइनवर होते आमच्याकडेच.

पण हा पाय मला ठाऊक आहे.
तीन महिने तो दुसऱ्याचा सांभाळायला दिल्यासारखा यायचा,
गार, पोटरी दोरखंडासारखी ओढलेली.
त्या दिवशी कोमट होता.
बोटं आपसूक हलत होती मांडीवर,
फळी अजून थांबलीच नसावी तशी.
रात्री झोप लागली म्हणाल्या, दोन भाकरी खाल्ल्या,
बऱ्याच दिवसांनी तिखट लागलं म्हणाल्या.
रक्त कशामुळे आलं तिथवर,
ते मी रक्ताला विचारलं नाही.

निंबाचं पान खिडकीत ठेवलं.
नोंदवहीत लिहिलं: जखम स्वच्छ, दाणे दिसतात.
"शेरा"च्या रकान्यात पेन टेकवलं,
उचललं.

पुढच्या मंगळवारी त्या बसल्या बसल्या
गोठ्यातल्या कोंबडीबद्दल कुरकुरत होत्या,
कुठे हलवावी म्हणून.
मी कापडाची घडी घेतली, कात्री लावली,
आणि सवयीपेक्षा
दोन बोटं कमी कापली.