जागलीतला हिरवा

पुष्पलतामावशी दुकानात आली ती तणतणतच:
"दिवसा लागते, रातच्याला लागत नाई.
दिवसा मले काहाले पायजे हिरवा उजेड?"
काउंटरवर आपटली बोटभर नळी,
मारेगावच्या बाजारातली, एकशेऐंशीची,
हरभऱ्यात घुसणाऱ्या रोह्यांसाठी.

पेच काढले. जुन्या पंचांगाच्या पानावर मांडलं सगळं.
ही चकती. हिचा प्रकाश माणसाला दिसत नाही.
हे दोन खडे, ज्वारीच्या दाण्याहून लहान,
एक फिकट जांभळा, एक पाण्यासारखा.
जांभळा तो प्रकाश पिऊन दम धरून बसतो;
शेजारून एक किरण गेला की
त्याच्याच चालीने, त्याच्याच पावलावर
दुसरा सोडतो.
दोन टोकांना दोन आरसे,
एक कडक, एक जरासा फितूर.
मधे येरझाऱ्या घालता घालता
गर्दीची रांग होते.
तीही न दिसणारी.

मग हा पाण्यासारखा.
हलक्या हाताने प्रकाश दिला तर नुसती काच,
इकडून आला, तिकडून गेला.
रेटा वाढवला की मात्र बिथरतो,
दोन किरण घेतो, एकच परत देतो,
दुप्पट वेगाने थरथरणारा.
तो हिरवा.
हिशेबही वाकडा: रेटा दुप्पट, तर हिरवा चौपट.

"हट्," मावशी म्हणाली,
"दुप्पट ढेप चारली
तं म्हैस काय चौपट दूध देते?"

म्हैस नाही देत. खडा देतो.
पण चकती गारठली की तिचा रंग किंचित सरकतो
आणि जांभळ्याला तो पचत नाही.
तुमच्या माळ्यावर रात्री आठ अंश.
"मंग?"
काखेत धरा, पाच मिनिटं.
"अंड्यावानी?" ती हसली, पदरात नळी बांधली,
निघताना मी हाक मारून थांबवलं:
स्वस्तातल्या नळीला गाळणीची काच नसते,
हिरव्यासोबत न दिसणाराही बाहेर पडतो,
डोळ्यात गेला तर पापणीला मिटायचं कळत नाही.

पौषात एका रात्री गेलो तिच्या शेतावर.
धुकं होतं, म्हणून अख्खी रेघ दिसली,
माळ्यापासून धुऱ्यापर्यंत ताणलेली, दोरीसारखी.
ठिपका ती खुरांपुढे चालवत होती,
कोंबड्या हाकाव्यात तसा.
दोन रोही पळाले.
तिसरा, काळा, थोराड, चरतच राहिला.

"डोयात मार त्याच्या," भाचा म्हणाला.
"नाई."
बराच वेळ काही बोलली नाही.
"आंधया झाला तं जाईन कुठी?
इथंच फिरन माह्या वावरात."

मग तिने जर्मनची थाळी बडवली.
गेला तोही, सावकाश, मागे वळून बघत.
नळी तिने बंद केली
आणि परत काखेत धरली.